गोळी बदलली कुणी? अमेरिकेतल्या फार्मसीत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत आल्यावर तिसऱ्याच महिन्यात मी थायरॉइडच्या गोळ्या आणायला गेले. डॉक्टरांनी माझ्यासमोर कॉम्प्युटरवर 'सिंथ्रॉइड' लिहिलं होतं. हातात पडली ती नारिंगी डबी, आणि तिच्यावर नाव 'लेव्होथायरॉक्सिन'. घरी येऊन नवऱ्याला फोन लावला, "अरे, चुकीच्या गोळ्या दिल्यात." तो ऑफिसातून म्हणाला, "इन्शुरन्सवाल्यांनी बदलल्या असतील, ते तसंच करतात." आम्ही दोघंही चुकलो होतो. गोळ्या बरोबर होत्या (सिंथ्रॉइड हा ब्रँड, लेव्होथायरॉक्सिन हे त्यातल्या औषधाचं मूळ नाव), आणि त्या बदलण्यात इन्शुरन्सचा हात नव्हता.

काही वर्षांनी मुलाचा दम्याचा पंप आणायला गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नॉट कव्हर्ड." एव्हाना मी स्वतःला जाणकार समजत होते. म्हटलं, मग त्याच्यासारखा दुसरा दे की. ती म्हणाली, तसं आम्हाला करता येत नाही. थायरॉइडची गोळी न विचारता बदलणारं तेच दुकान, पंप मात्र विनवण्या करूनही बदलेना. पाऊण तास उभी राहून रिकाम्या हाताने परत आले.

त्या काउंटरवर दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला: ही गोळी बदलायची फार्मासिस्टला मुभा आहे का? याचं उत्तर राज्याच्या कायद्यात असतं. दुसरा: जी काही गोळी मिळेल तिचे पैसे कोण भरणार? याचं उत्तर तुमच्या इन्शुरन्सच्या करारात असतं. दोन्ही उत्तरं एकाच मुलीच्या तोंडून, एका दमात ऐकू येतात, म्हणून घोळ होतो. पुढे जे लिहिलंय ते सगळं या दोन प्रश्नांना वेगळं ठेवण्यासाठी आहे. मी फार्मासिस्ट नाही. इथल्या मराठी मंडळातल्या नव्या कुटुंबांचे फोन घेता घेता आणि स्वतः ठेचकाळत जे कळलं, ते सांगते.

पायरी १: ब्रँड विसरा, औषधाचं मूळ नाव शिका

हे काम भारतातून निघण्याआधीचं. आपण औषध ब्रँडने ओळखतो: "बाबांना टेल्मा चालू आहे," "आईला एकोस्प्रिन." इथे ही नावं कुणाला कळत नाहीत. घरातल्या सगळ्या पट्ट्या पालथ्या करा आणि मागचं बारीक अक्षरातलं नाव, मिलिग्रॅमसकट, एका कागदावर उतरवा. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, थायरोनॉर्म आणि एल्ट्रॉक्सिन म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, पॅन-४० म्हणजे पॅन्टोप्राझोल.

कधी कधी मूळ नावही समुद्र ओलांडताना बदलतं. पॅरासिटामॉलला इथे ॲसिटामिनोफेन म्हणतात, अस्थालिनमधल्या सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड. ॲस्पिरिनची आपली ७५ मिलिग्रॅमची गोळी इथे ८१ ची असते.

याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याकडची काही रोजची औषधं अमेरिकेत मंजूरच नाहीत. मधुमेहाची ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन आणि व्होग्लिबोज, ब्लडप्रेशरची सिल्निडिपिन, तापावरची निमेसुलाइड. यांची 'बदली गोळी' फार्मासिस्ट देऊ शकत नाही, कारण मूळच इथे नाही. डॉक्टरांनाच नवं औषध निवडावं लागतं, आणि नव्या पेशंटला अपॉइंटमेंट मिळायला आठवडे लागू शकतात. म्हणून सोबत तीन महिन्यांचा साठा आणा आणि पोचल्या पोचल्या अपॉइंटमेंट घ्या. साठा संपायची वाट बघू नका. भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या काउंटरवर चालत नाही. इथे परवाना असलेल्या डॉक्टरचीच लागते.

पायरी २: राज्याचा कायदा फार्मासिस्टला काय करू देतो

जरा इतिहास, कारण त्याशिवाय इथली गंमत कळत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी उलटा नियम केला होता: डॉक्टरने जो ब्रँड लिहिला तोच द्यायचा. सत्तरच्या दशकात एकेक राज्य तो मोडीत काढत गेलं. १९८० पासून एफडीए, म्हणजे औषधांना मंजुरी देणारी इथल्या केंद्र सरकारची संस्था, एक यादी प्रसिद्ध करते, तिला ऑरेंज बुक म्हणतात. कुठलं औषध कुठल्याच्या जागी चालेल ते तिच्यात अक्षरांनी दाखवलेलं असतं. 'एबी' असं मानांकन असेल तर द्रव्य तेच, ताकद तीच, आणि ते रक्तातही तितकंच उतरतं हे कंपनीने दाखवलेलं आहे. १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याने जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ नावाने विकलं जाणारं तेच औषध, बाजारात आणणं सोपं झालं. आज इथे भरल्या जाणाऱ्या दर दहा प्रिस्क्रिप्शनांपैकी सुमारे नऊ जेनेरिकची असतात.

भारतात कागदोपत्री नियम याच्या बरोबर उलट आहे. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम सांगतो की शेड्यूल एच आणि एक्सच्या (चिठ्ठीवरच द्यायच्या) औषधाऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरं काही देता येत नाही. आणि आपला कोपऱ्यावरचा केमिस्ट "ते नाहीये, हे घ्या, सेम आहे" म्हणत वर्षानुवर्षं देतच असतो. इथे कायदाच गोळी बदलायची मुभा देतो आणि आपण दचकतो.

आता राज्यांकडे. दुकान ज्या राज्यात आहे तिथला कायदा लागू, आणि हे कायदे एकसारखे नाहीत. २०१९ मध्ये झालेल्या एका पाहणीत १९ राज्यांत जेनेरिक देणं फार्मासिस्टवर बंधनकारक होतं, उरलेल्या राज्यांत ते त्याच्या मर्जीवर होतं. सात राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत रुग्णाची संमती घ्यावी लागत होती.

डॉक्टरला बदल नको असेल तर तो कोणत्या शब्दांत सांगायचा, हेही राज्यागणिक वेगळं. न्यू यॉर्कच्या छापील चिठ्ठीवर एक चौकोन असतो. त्यात डॉक्टरने 'डी ए डब्ल्यू' ('डिस्पेन्स ॲज रिटन', लिहिलंय तेच द्या) ही अक्षरं लिहिली नाहीत तर जेनेरिकच मिळणार. मॅसॅच्युसेट्समध्ये 'नो सब्स्टिट्यूशन' लिहावं लागतं. टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियात 'ब्रँड नेसेसरी' किंवा 'ब्रँड मेडिकली नेसेसरी'. फ्लोरिडात 'मेडिकली नेसेसरी', आणि तिथे गिऱ्हाईक स्वतःही नको म्हणू शकतं. इलिनॉयमध्ये 'मे नॉट सब्स्टिट्यूट' हा चौकोन. वॉशिंग्टन राज्यात सहीसाठी दोन ओळी असतात, एकीखाली बदल चालेल आणि दुसरीखाली लिहिलं तेच द्या. सही कुठल्या ओळीवर पडली त्यावर सगळं ठरतं. कॅलिफोर्नियात बदल करणं फार्मासिस्टच्या मर्जीवर आहे, पण बदललेलं औषध रुग्णाला स्वस्त पडायला हवं आणि बदल झाल्याचं त्याला सांगायला हवं. ओक्लाहोमाचं गणित सगळ्यांहून निराळं: डॉक्टरने किंवा घेणाऱ्याने होकार दिल्याशिवाय बदल नाही.

हे शब्द पाठ करायची गरज नाही. राज्य बदलून राहायला गेलात तर मात्र नव्या डॉक्टरला स्पष्ट सांगा. आमच्या ओळखीचं एक कुटुंब न्यू जर्सीहून डॅलसला गेलं. बाईंच्या फिटच्या गोळ्या दहा वर्षं एकाच ब्रँडच्या होत्या. जुन्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये तशी खूण होती, नव्या डॉक्टरांनी नुसतं नाव लिहिलं, आणि डबीत जेनेरिक आलं. कुणाचीही चूक नव्हती. सांगितलंच नव्हतं कुणी.

जिथे थोडं जास्त जपायचं

बहुतेक औषधांबाबत जेनेरिकची धास्ती घेऊ नका. डबीवरचं बारीक अक्षर वाचलंत तर सन, ल्युपिन, सिप्ला, झायडस, ऑरोबिंदो अशी आपली ओळखीची नावं दिसतील. सिप्ला आणि ल्युपिन या दोघांचे कारखाने गोव्यात वेर्ण्याला आहेत. इथे येऊन "इंडियन गोळी नको" म्हणणारे आपले लोक मी पाहिलेत, तेव्हा हे मुद्दाम सांगितलं.

पण काही औषधांत डोस थोडा इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिन, फिटची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, लिथियम, अवयव प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस, आणि आमची लेव्होथायरॉक्सिन. नॉर्थ कॅरोलायनात अशा औषधांची खास यादी आहे: रिफिल, म्हणजे त्याच चिठ्ठीवरच्या पुढच्या गोळ्या, भरताना कंपनी बदलायची असेल तर डॉक्टर आणि रुग्ण, दोघांचीही संमती लागते. बाकी बहुतेक ठिकाणी हे काम आपलं आपण करायचं.

लेव्होथायरॉक्सिनमध्ये आणखी एक खोच आहे. ऑरेंज बुकमध्ये तिच्या पुढे नुसतं एबी नसतं, एबी-१, एबी-२ असे गट असतात, आणि बदल गटातल्या गटात धरला जातो. म्हणून फार्मासिस्टला एक वाक्य सांगून ठेवा: "मला दर वेळी त्याच कंपनीची द्या, बदलावी लागली तर आधी सांगा." ते तशी नोंद करून ठेवतात. कंपनी बदललीच तर डॉक्टरला कळवा. सहसा सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करायला सांगतात. आणि घरी आल्यावर डबी उघडून गोळी बघा. तिच्यावर कोरलेली अक्षरं आणि रंग यांचं वर्णन लेबलवर छापलेलं असतं. मागच्या वेळी पांढरी आणि आता पिवळी असेल, तर घरात तर्क लढवण्यापेक्षा दुकानात फोन करा. इथला फार्मासिस्ट बहुधा फार्मसीतला डॉक्टरेट असतो आणि त्याच्याशी बोलायला पैसे पडत नाहीत.

इन्सुलिनसारखी जैविक औषधं या खेळात बसत नाहीत. त्यांची नक्कल तंतोतंत होत नाही, म्हणून त्यांना जेनेरिकऐवजी बायोसिमिलर म्हणतात. फार्मासिस्ट स्वतःहून बदलू शकतो ती एफडीएने 'इंटरचेंजेबल' ठरवलेलीच. असं पहिलं औषध जुलै २०२१ मध्ये आलं, सेम्ग्ली हे ग्लार्जिन इन्सुलिन, लँटसच्या जागी चालणारं. बदल केल्यावर डॉक्टरला कळवण्याचं बंधनही राज्यांनी घातलंय, बहुतेक ठिकाणी पाच कामाच्या दिवसांत.

आणि जिथे फार्मासिस्टचे हात बांधलेले आहेत

आता माझ्या मुलाच्या पंपाकडे येते. तेच द्रव्य दुसऱ्या कंपनीचं देणं ही एक गोष्ट. त्याच आजारावरचं वेगळं द्रव्य देणं ही पूर्ण वेगळी, आणि दुकानाच्या काउंटरवर ती जवळजवळ कुठेच चालत नाही. अर्कान्सा, आयडाहो, केंटकी अशा थोड्या राज्यांत ती वाट आहे, पण तिथेही डॉक्टरने चिठ्ठीवर आधीच होकार दिलेला असायला हवा.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे लहान मुलांचा नेहमीचा फ्लोव्हेंट पंप. १ जानेवारी २०२४ पासून कंपनीने तो ब्रँड बंद केला आणि तेच द्रव्य बिनब्रँडच्या नावाने बाजारात ठेवलं. तेच द्रव्य, तोच पंप. पण अनेक इन्शुरन्सच्या यादीत ते नवं नाव नव्हतं. त्यांच्या यादीत दुसऱ्याच स्टेरॉइडचे पंप होते. फार्मासिस्टला समोर दिसत होतं की कुठला पंप फुकटात पडेल, पण तो देता येत नव्हता, कारण द्रव्य वेगळं. ऐन थंडीत आयाबाया डॉक्टरांच्या ऑफिसात फोनवर रांगा लावून बसल्या होत्या. त्या महिन्यात ज्यांना 'दोन प्रश्न' माहीत होते, त्यांनी दुकानात वाद न घालता थेट डॉक्टरला फोन केला.

पायरी ३: डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी

चिठ्ठी कागदावर मिळेलच असं नाही. न्यू यॉर्कमध्ये मार्च २०१६ पासून जवळपास सगळी प्रिस्क्रिप्शनं कॉम्प्युटरवरूनच जातात, आणि इतरत्रही हीच रीत झाली आहे. "कुठल्या फार्मसीत पाठवू?" असं विचारतील. दुकानाचं नाव पुरेसं नाही, रस्ताही सांगा. एकाच साखळीची चार दुकानं दोन मैलांत असतात.

मग दोन प्रश्न विचारा. "हे जेनेरिकमध्ये मिळतं का?" आणि "माझ्या इन्शुरन्सच्या यादीत हे आहे का, की आधी परवानगी लागेल?" डॉक्टरच्या स्क्रीनवर बऱ्याचदा ते दिसतं. विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. डॉक्टरला पैशाचं काय विचारायचं, असं आपल्या मनात असतं. इथे डॉक्टरला न विचारल्याचीच किंमत मोजावी लागते.

रोजची गोळी असेल तर ९० दिवसांची मागा.

पायरी ४: कार्ड समोर ठेवून आपला प्लॅन ओळखा

इन्शुरन्सच्या कार्डावर 'आरएक्स बिन' म्हणून सहा आकडी नंबर असतो, सोबत पीसीएन आणि ग्रुप नंबर. फार्मसीला हेच लागतात. कधी कधी औषधांचं कार्ड वेगळं असतं; ते पाकिटातून तसंच फेकून देऊ नका, आम्ही दिलं होतं. औषधांचा व्यवहार तुमची इन्शुरन्स कंपनी स्वतः बघत नाही, मधला एक दलाल बघतो, त्याला पीबीएम म्हणतात. सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांकडे मिळून देशातली सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शनं जातात. कुठलं औषध यादीत ठेवायचं आणि कुठल्या पायरीवर, हे तिथे ठरतं.

त्या यादीला फॉर्म्युलरी म्हणतात आणि तिचे थर असतात. तळाशी साधी जेनेरिक, वर पसंतीचे ब्रँड, त्यावर नापसंतीचे, शेंड्यावर स्पेशालिटी, म्हणजे अवघड आजारांवरची फार महाग औषधं. वर चढाल तसा तुमचा वाटा वाढतो. डिडक्टिबल (प्लॅन पैसे भरायला लागण्याआधी दर वर्षी तुम्ही स्वतः भरायची रक्कम) मोठं असलेला प्लॅन घेतला असेल तर जानेवारीत पूर्ण किंमत मोजावी लागते आणि तेच औषध नोव्हेंबरात स्वस्त पडतं. पहिल्या वर्षी सगळे फसतात. काही प्लॅन इन्सुलिन किंवा कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिनसारखी औषधं डिडक्टिबलच्या आधीच देतात. तशी मुभा आहे, सगळीकडे सक्ती नाही, म्हणून आपल्यात आहे का ते बघा.

ब्रँडचा हट्ट कितीला पडतो ते एका हिशेबाने सांगते. समजा ब्रँड १५० डॉलरचा, जेनेरिक १५ चं आणि तुमचा कोपे, म्हणजे दर वेळी तुम्ही भरायचा ठरलेला वाटा, १० डॉलर. डॉक्टरने अडवलेलं नसताना तुम्हीच ब्रँड मागितलात, तर पुष्कळ प्लॅन दोन्हींतला फरक, म्हणजे १३५, अधिक कोपे, असे १४५ डॉलर तुमच्याकडून घेतात. फार्मसी बिलावर आकडी खूण करते: डॉक्टरने ब्रँड सांगितला तर १, रुग्णाने मागितला तर २. डॉक्टरने खरोखरच कारण देऊन ब्रँड लिहिला असेल तर बिलात १ गेलाय ना, हे विचारून घ्या. काही प्लॅन त्यावरही फरक घेतात, पण निदान भांडायला जागा राहते.

आता या पायरीवरचा सगळ्यांत उपयोगी प्रश्न, आणि तो एचआरला विचारायचा: "आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड?" नोकरीतून इन्शुरन्स मिळणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक सेल्फ-फंडेड प्लॅनमध्ये असतात, आपल्या आयटीवाल्यांच्या मोठ्या कंपन्या बहुधा त्यातल्याच. कार्डावर नामांकित इन्शुरन्स कंपनीचं नाव असतं, पण पैसे मालकाचे असतात. ती कंपनी नुसती कारकुनी करते. फुली इन्शुअर्डमध्ये पैसे इन्शुरन्स कंपनीचेच असतात. अशा प्लॅनवर राज्याचे इन्शुरन्स कायदे लागू होत नाहीत, १९७४ चा एरिसा हा केंद्राचा कायदा लागतो. निम्म्याहून अधिक राज्यांनी "आधी स्वस्त औषध घेऊन बघा, नाही लागू पडलं तर मग हे" या अटीवर लगाम घालणारे कायदे केलेत. सेल्फ-फंडेडवाल्यांना त्यांचा उपयोग नाही. टेक्सासमध्ये हे ओळखणं सोपं आहे: कार्डावर 'टीडीआय' किंवा 'डीओआय' अशी अक्षरं असतील तर प्लॅन राज्याच्या अखत्यारीत. फार्मासिस्टने गोळी बदलण्याचा राज्याचा नियम मात्र दोन्ही प्रकारच्या लोकांना सारखाच लागू असतो, कारण तो दुकानाला लागू आहे.

पायरी ५: "नॉट कव्हर्ड" ऐकल्यावर

दुकान सोडू नका. "रिजेक्शन कोड काय आलाय?" एवढंच विचारा. देशभर हे कोड एकच आहेत, आणि चार ओळखले की पुष्कळ झालं.

७९ म्हणजे रिफिल फार लवकर मागितलंय. कधीपासून मिळेल ती तारीख विचारा आणि घरी जा.

७६ म्हणजे मर्यादा ओलांडली, बहुधा गोळ्यांची संख्या जास्त झाली. कमी संख्येत देता येईल का ते तिथल्या तिथे सुटतं. दिवसाला दोन गोळ्या खरोखरच लागत असतील तर डॉक्टरने कळवावं लागतं.

७५ म्हणजे आधी परवानगी हवी. फार्मसी डॉक्टरला निरोप पाठवते आणि मोकळी होते. तो निरोप डॉक्टरच्या ऑफिसात दिवसेंदिवस पडून राहतो, हा माझा अनुभव. त्याच दिवशी ऑफिसला स्वतः फोन करा, परवानगीचे अर्ज कोण भरतं त्या व्यक्तीचं नाव विचारा, आणि दोन दिवसांनी तिलाच पुन्हा फोन करा. आधी कुठली औषधं घेतली, कधी, काय त्रास झाला, हे भारतातल्या औषधांसकट लिहून द्या. पुण्यात दोन वर्षं घेतलेलं औषधही 'घेऊन पाहिलेलं' औषधच असतं, फक्त कागद लागतो. म्हणून जुन्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पानाचा सारांश आणा.

७० म्हणजे यादीतच नाही. इथे दोन वाटा. यादीतलं दुसरं औषध चालत असेल तर डॉक्टरला फोन, नवी चिठ्ठी, संपलं. चालत नसेल तर डॉक्टरमार्फत अपवादाचा अर्ज. बाजारातून घेतलेल्या वैयक्तिक आणि लहान कंपन्यांच्या प्लॅनना त्यावर ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं, प्रकृतीला धोका असेल तर २४ तासांत. नकार आला तर १८० दिवसांत अपील, तेही फेटाळलं तर चार महिन्यांत बाहेरच्या तटस्थ परीक्षकाकडे. एवढ्यावर बरेच जण कंटाळून सोडून देतात. प्लॅन राज्याच्या अखत्यारीतला असेल तर तक्रार राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे, सेल्फ-फंडेड असेल तर केंद्राच्या श्रम खात्याकडे. कॅलिफोर्नियात एचएमओ (ठरावीक डॉक्टरांच्या जाळ्यातला प्लॅन) असेल तर मॅनेज्ड हेल्थ केअर खात्याकडे. आणि गोळीच चुकीची दिली किंवा न विचारता भलती बदलली, तर फार्मसींवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या बोर्ड ऑफ फार्मसीकडे. ही कचेरी वेगळी, कारण प्रश्न वेगळा.

मधल्या काळात गोळी संपत असेल तर थोड्या गोळ्या रोखीने मागा. डॉक्टर सापडत नसेल तर बऱ्याच राज्यांत फार्मासिस्ट तातडीचं रिफिल देऊ शकतो. ओहायोतल्या अशा कायद्याला 'केव्हिन्स लॉ' म्हणतात. सुट्टीत डॉक्टर न सापडल्यामुळे इन्सुलिनविना एक तरुण २०१४ च्या जानेवारीत गेला, त्यानंतर तो झाला. मुलांच्या एडीएचडीच्या (अतिचंचलता, लक्ष न लागणं) बहुतेक गोळ्या आणि तशी नियंत्रित औषधं मात्र यात धरू नका. त्यांतल्या शेड्यूल दोन या कडक गटातल्या औषधाला रिफिल नसतंच, दर वेळी नवी चिठ्ठी.

पायरी ६: कार्ड न दाखवता किंमत विचारा

इन्शुरन्स असूनही रोखीची किंमत कमी असू शकते. पूर्वी करारातल्या कलमांमुळे फार्मासिस्टला हे स्वतःहून सांगताच येत नसे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राच्या दोन कायद्यांनी ती तोंडबंदी उठवली. तरी गर्दीत तो आपणहून सांगेल याची खात्री नाही. "रोखीने किती पडेल?" हे तीन शब्द आपणच बोलायचे.

वॉलमार्टची चार डॉलरची यादी २००६ पासून आहे, मेटफॉर्मिनसारखी साधी औषधं तिच्यात सापडतात. कॉस्टकोच्या फार्मसीला मेंबरशिप लागत नाही. कॉस्ट प्लस ड्रग्ज हे जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन दुकान आपल्या खरेदीवर १५ टक्के लावून, वर हाताळणीचे आणि टपालाचे पैसे, असा उघडा हिशेब देतं. फोनवरची सवलतीची कूपनंही असतात. पण अशा खर्चाचे पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत, आणि तुमच्या आजाराची माहिती कुणाकडे जाते तेही बघावं लागतं. २०२३ मध्ये गुडआरएक्स या कूपनं देणाऱ्या कंपनीवर जाहिरातदारांना माहिती दिल्याबद्दल केंद्राच्या व्यापार आयोगाने कारवाई केली होती. महाग ब्रँडसाठी कंपनीचं कोपे कार्ड मिळतं, मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी विम्यांवर असलेल्यांना ते चालत नाही.

भारतवारी आणि आई-बाबा

दोन महिने भारतात जायचं असेल तर ७९ चा कोड वाट अडवतो. इन्शुरन्सला फोन करून 'व्हेकेशन ओव्हरराइड' मागा. तारखा सांगितल्या की बरेच प्लॅन जास्तीचं रिफिल देतात. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी करा, आदल्या रात्री नाही.

पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना वरचा इन्शुरन्सचा भाग लागूच नाही. प्रवासी विम्यात जुन्या आजाराच्या रोजच्या गोळ्या धरत नाहीत. काही पॉलिसींत जुना आजार अचानक उफाळला तरच खर्च मिळतो. त्यांनी ९० दिवसांपर्यंतच्या गोळ्या मूळ पट्ट्यांत आणाव्यात, सोबत मूळ नावांची इंग्रजी चिठ्ठी. माझ्या सासूबाईंनी सगळ्या गोळ्या पट्टीतून काढून सकाळ-दुपार-संध्याकाळच्या डबीत भरून आणल्या होत्या. "अगं, जागा कमी लागते ना!" त्यातली कुठली रक्तदाबाची आणि कुठली ॲसिडिटीची, हे शोधायला आम्हाला डोंबिवलीच्या केमिस्टला व्हिडिओ कॉल करावा लागला. रात्रीचे अकरा वाजले होते तिकडे, पण त्याने एकेक गोळी ओळखली.

मुक्काम तीन महिन्यांहून लांबला तर पुढचा साठा कुरिअरने मागवता येतो. पाकिटात डॉक्टरांचं पत्र, चिठ्ठी, आणि पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती घालायच्या, पट्ट्या न फोडता.